अल्विनच्या वाट्याच्या सात सोंगट्या

ओफेलिया : मिस्टर होलिस, कोपर उचला. माझं तिसरं पान आहे त्याच्याखाली.

होलिस : तिसऱ्या पानावर असतं काय गं? चर्चच्या जेवणाची वेळ आणि कुणाचं तरी हरवलेलं बोकड. माझ्या कोपराने जरा वजन आलं असेल त्याला.

ओफेलिया : कॉफीचं वर्तुळ आलंय. नेमकं बोकडाच्या तोंडावर. आता कोण ओळखणार त्याला?

(टेक्ससमधलं कोल्टर वेल्स गाव. 'सेंटिनल' साप्ताहिकाच्या कचेरीची मागची खोली, मंगळवारी सकाळी साडेअकराचा सुमार. चौकोनी टेबल, चार खुर्च्या. तिघांवर माणसं आहेत : सदर लिहिणारे म्हातारे होलिस टीग, एकटीने अंक काढणारी ओफेलिया सेर्दा, आणि नेल्डा श्रोडर. चौथी खुर्ची नेल्डाच्या नवऱ्याची, अल्विनची.)

नेल्डा : तुमचं भांडून झालं असेल तर सोंगट्या वाट, होलिस. दहापासून येऊन बसलेय मी.

होलिस : वाटतोय. सात तुला, सात ओफेलियाला, सात मला.

नेल्डा : आणि?

होलिस : आणि सात इकडे.

नेल्डा : चौदा महिने झाले. रिकाम्या खुर्चीला अजून वाटतोस.

होलिस : बेचाळीस हा चौघांचा डाव आहे, नेल्डा. तिघांत खेळलो तर वर गेल्यावर आजोबांना काय तोंड दाखवू? पत्ते म्हणजे पाप, असं पाद्रीबाबा म्हणाले, म्हणून त्या बिचाऱ्यांनी डॉमिनोच्या सोंगट्यांवर पत्त्यांचा अख्खा डाव बसवला. बाप्टिस्टांनी जगाला दिलेली एवढी एकच गंमत. ती मी मोडू?

नेल्डा : आणि त्याची पाळी आली की तू न बघता एक सोंगटी उलटतोस. नियमात बसो, न बसो.

होलिस : बघून उलटली तर लबाडी होईल. आणि नियमाचं म्हणशील, तर त्याला आता सगळं माफ.

नेल्डा : तरी जिंकता तुम्ही दोघं. जिवंत होता तेव्हा एवढा बरा खेळत नव्हता माझा नवरा.

ओफेलिया : मिस नेल्डा!

नेल्डा : काय मिस नेल्डा? खरं तेच सांगतेय. बत्तीस माझी बोली. पाच हुकूम.

ओफेलिया : माझा पास. आणि मिस्टर होलिस, खेळता खेळता मजकूर द्या. बाराला पानं छापखान्यात जातात. मागच्या खेपेला तुमच्यामुळे तो माणूस माझ्यावर खेकसला.

होलिस : खिशातच आहे. वाचू? ऐक. 'कुंपणावरून. लेखक : होलिस टीग.'

नेल्डा : बावीस वर्षं वाचतोय आम्ही. नाव माहीत आहे.

होलिस : 'शुक्रवारी आपल्या औषधांच्या दुकानाच्या खिडकीशी, जिथं लोक गाडीत बसूनच गोळ्या घेतात तिथं, एक लाल गाय वीस मिनिटं उभी होती. आतल्या मुलीने सवयीने तिला जन्मतारीख विचारली. गाय शांत होती. मागच्या गाडीतली मंडळी नव्हती. ती ऑस्टिनहून नवी राहायला आलीत. त्यांनी हॉर्न वाजवला. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीनंतर कोल्टर वेल्समध्ये वाजलेला हा पहिला हॉर्न. गाईने त्यांच्याकडे वळून पाहिलं, ते आपण सगळेच पाहतो तसं.'

ओफेलिया : हे चांगलंय. पुढे?

होलिस : 'महापौरपदाच्या निवडणुकीचा निकाल मे महिन्यात तीन मतांच्या फरकाने लागला. हरलेल्या उमेदवाराला सहा भावंडं आहेत. यंदा थँक्सगिव्हिंगला त्या घरी जेवायला बोलावलंच, तर चिलखत घालून जा.'

नेल्डा : हे त्याची बहीण वाचेल.

होलिस : तिच्यासाठीच लिहिलंय. 'टीव्हीवर सध्या एक गायक पिकअपच्या टपावर बसून मातीचं गाणं म्हणतो. गाणं बरं आहे. पण त्याच्या टोपीवर पावसाचा एक थेंब कधी पडलेला नाही. त्यापेक्षा आपल्या शाळेच्या पोरी खऱ्या. जुने विद्यार्थी परततात त्या होमकमिंगच्या सामन्याला छातीवर लावायची ती रेशमी फुलं यंदा गुडघ्यांखाली उतरलीत. एकीच्या फुलात बारा घुंगरं होती, दोन टेडी बेअर होते, आणि बॅटरीवर लुकलुकणारे...'

नेल्डा : काय लुकलुकणारे?

होलिस : अक्षर लागत नाही.

नेल्डा : तुझंच अक्षर आहे. दे इकडे. 'दिवे.' दिवे लिहिलंयस.

होलिस : हां. दिवे. पुढे काही विशेष नाही. खेळ तू.

ओफेलिया : मिस्टर होलिस, हे सगळं छान आहे. पण परवा गुरुवार आहे. काउंटीचे कमिशनर सिडर क्रीकच्या फरशी पुलावर पुन्हा मत घेणार आहेत. पाणी चढलं की आपोआप पडणारा आडवा दांडा आणि लाल दिवा. त्यावर तुमची एक ओळ नाही.

होलिस : ती पहिल्या पानाची बातमी. मी कुंपणावरचा माणूस.

ओफेलिया : दोन वर्षांपूर्वी कुंपणावरूनच लिहिलं होतंत. कॅफेच्या काउंटरवर ते कात्रण अजून चिकटवलेलं आहे. काल कमिशनर प्रुइट पॅनकेक खाता खाता मोठ्याने वाचत होते.

होलिस : मग? वाचणाऱ्याचं तोंड मी धरू?

नेल्डा : कोणतं गं कात्रण?

ओफेलिया : जाऊ दे, मिस नेल्डा.

नेल्डा : जाऊ दे कशाला? पाठ आहे मला. 'पाणी ओलं असतं हे ज्याला लाल दिवा लावून सांगावं लागतं, त्याने संध्याकाळी घरी बसून मोजे विणावेत.'

ओफेलिया : सगळं कॅफे हसलं काल. दोघं बाजूने आहेत, दोघं विरुद्ध. प्रुइट तेवढे डळमळत होते. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाले, 'गुरुवारी मलाही एवढंच म्हणायचंय.' मागच्या वेळीही असंच झालं, मिस्टर होलिस. कुणी विरोधात भाषण केलं नाही. नुसते हसले आणि विषय संपला.

होलिस : अगं, विनोद होता तो. कोंबडीवर लिहिलं म्हणून गावाने अंडी सोडली का?

ओफेलिया : माझी लेक मारिसोल त्याच फरशीवरून शाळेची बस चालवत नेते. रोज दोनदा. तेवीस पोरं असतात.

होलिस : हुशार आहे मारिसोल. पाणी बघून थांबेल.

ओफेलिया : मिस्टर अल्विन हुशार नव्हते?

होलिस : पाळी कुणाची?

नेल्डा : तुझी. टाक.

होलिस : हे घे. सहा-चार.

ओफेलिया : मारिसोल तर आता संध्याकाळची फेरी नकोच म्हणते. सांगणार नव्हते मी. फरशीच्या मधोमध समोरून एक पांढरा पिकअप येतो म्हणते. चालवणारा स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलतो, आपण सगळे उचलतो तशी. तीपण उचलते. मग आरशात बघते, तर मागे रस्ता रिकामा.

नेल्डा : तिलाही दिसला?

ओफेलिया : आणखी कुणाला?

नेल्डा : पोस्टवाल्या डेलला. दोनदा. दुसऱ्यांदा पाऊस होता. टोपी दिसली म्हणाला.

होलिस : धुकं असतं तिथं.

नेल्डा : धुक्याला बोटं असतात?

होलिस : आपल्याकडच्या धुक्याला असतील. आईने वळण लावलं असेल, समोरच्याला ओळख दाखवल्याशिवाय जायचं नाही.

नेल्डा : तुला दिसलाय?

होलिस : नाही.

नेल्डा : दिसेल कसा? त्या ऑगस्टपासून तू फरशीवरून गेलायस कुठे? माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्याच रस्त्यावर आहे. तुझ्या खटाऱ्याचा आवाज मला झोपेतसुद्धा कळतो. अकरा मैलांचा वळसा घालून येतोस तू इथं.

होलिस : तिकडचा रस्ता बरा आहे.

नेल्डा : अर्धा कच्चा आहे, होलिस.

होलिस : मला खड्डे आवडतात. वय झालं की हाडं हलवून घ्यावी लागतात.

ओफेलिया : माझी सोंगटी टाकलीय मी. आता मिस्टर अल्विन.

नेल्डा : थांब. उलटू नकोस अजून.

होलिस : नेल्डा, बारा वाजत आलेत. पोरीला पानं पाठवायचीत.

नेल्डा : अल्विनला पुरलं, त्या दिवशी गाव माझ्याकडे जेवण घेऊन आलं. सतरा भांडी होती. बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर नाव. ती परत करत महिनाभर फिरत होते मी. बरं वाटायचं, कुणाच्या तरी दारात उभं राहायला. प्रत्येक भांडं उलटं करून बघितलं. टीग नाव नव्हतं.

होलिस : मला स्वयंपाक कुठे येतो?

नेल्डा : सफरचंदाचा डबा फोडून आणला असतास, तरी चाललं असतं. चाळीस वर्षं तुझा भिडू होता तो.

होलिस : आलो होतो मी. फाटकापर्यंत.

नेल्डा : माहीत आहे. आवाज कळतो म्हटलं ना. इंजिन चालू ठेवून उभा होतास, मग मागे घेतलीस गाडी.

ओफेलिया : मी पुढच्या खोलीत जाऊ का, मिस नेल्डा?

नेल्डा : तू बस. तुझी पोर त्या फरशीवरून जाते, तूही ऐक. त्या संध्याकाळी मी भेंडी तळत होते. त्याने भिंतीवरचा फोन उचलला आणि तुला लावला, होलिस. माझ्या पाठीशी उभा होता. म्हणाला, 'होलिस, फरशीवर पाणी आलंय. पोटरीएवढं असेल. आज राहू दे का डाव?' मग तू काहीतरी बोललास. ते मला ऐकू आलं नाही, कढईचा आवाज होता. अल्विन हसला. असा हसला, की पट्ट्याला हात लावून उभा राहिला. टोपी घेतली. म्हटलं, दोन घास खाऊन जा. म्हणाला, 'आता तर जायलाच हवं.' आणि हसत हसतच पायऱ्या उतरला.

होलिस : त्या फरशीवरून तो हजारदा गेला होता, नेल्डा. रोजचं माणूस तिथंच फसतं. आपली फरशी, आपलं पाणी.

नेल्डा : शेरिफने विचारलं तेव्हा तू म्हणालास, 'निघाला असेल नेहमीसारखा.' फोनचं बोलला नाहीस. मीही बोलले नाही. म्हटलं, हा सांगेल. आज ना उद्या सांगेल.

होलिस : सोंगट्या वाटून घरी बसलो होतो मी. सात त्याच्यापुढे. साडेआठ झाले, नऊ झाले. चिडलो त्याच्यावर. मोठमोठ्याने शिव्या दिल्या त्या रिकाम्या खुर्चीला. त्या वेळी तो... त्या वेळी पाण्यात होता तो. आणि मी इकडे म्हणतोय, हा कधीच वेळेवर येत नाही. सकाळी तुझा निरोप आला, तेव्हा त्या सोंगट्या तशाच होत्या. उपड्या.

नेल्डा : हे मी विचारलं नव्हतं.

होलिस : माहीत आहे.

नेल्डा : दर मंगळवारी येते मी इथं. मला हा खेळ आवडत नाही, होलिस. कधीच आवडला नाही. मोजदाद जमत नाही माझी. कॉफीही वाईट असते तुझी, ओफेलिया, रागावू नकोस. मी नुसती वाट बघत बसते. चौदा महिने सोंगट्या लावत लावत वाट बघतेय.

ओफेलिया : बाराला दहा मिनिटं आहेत.

होलिस : ओफेलिया.

ओफेलिया : काय?

होलिस : माझी जागा किती आहे या अंकात?

ओफेलिया : नेहमीचीच. दुसऱ्या पानावर, डावा रकाना.

होलिस : पहिल्यावर मिळेल?

ओफेलिया : शाळेच्या सामन्याचा फोटो काढावा लागेल. काढते.

होलिस : गाय राहू दे मग. टोपीवालाही राहू दे. काही नको त्यातलं.

ओफेलिया : पान कोरं आहे, मिस्टर होलिस. सांगा. मी टाइप करते.

होलिस : वर 'कुंपणावरून' घालू नकोस. नुसतं नाव घाल माझं.

ओफेलिया : घातलं.

होलिस : लिही. 'चौदा महिन्यांपूर्वी अल्विन श्रोडरने मला फोन करून सांगितलं होतं, की सिडर क्रीकच्या फरशीवर पाणी आलंय.'

ओफेलिया : '...पाणी आलंय.' पुढे?

होलिस : 'आज येत नाही, असं म्हणत होता तो.'

ओफेलिया : हं.

नेल्डा : माझ्याकडे बघून सांग, होलिस. ती लिहील.

होलिस : मी म्हणालो, 'मग बस घरी, अल्विन. मोजे विण.'