मुकादमाच्या हाताची सात मापं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेल्या आमच्या वाद्यवृंदाच्या ज्येष्ठ गायिका ताई, त्यांच्या शेजारी आमचे ड्रमवाले काका, ज्यांच्यासाठी आपण सगळे कामं टाकून आलो ते आजचे सत्कारमूर्ती, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, संगीतवर्गाचे विद्यार्थी, आणि चहा लवकर मिळावा म्हणून मागे दाराशीच उभे राहिलेले आमचे मित्र, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला भाषण करता येत नाही. असं म्हणून लोक तासभर बोलतात हे मला माहीत आहे, पण चिटणीसांनाही ते माहीत असल्यामुळे त्यांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली आहे. चिठ्ठीत लिहिलंय, 'इलेक्ट्रिक गिटारचे जुने-नवे प्रकार, कोणत्या वादनाला कोणती घ्यावी. विद्यार्थी आहेत, सोपं बोलावं. दहा मिनिटं.' आणि खाली दोनदा रेघ मारून, 'शेवट हसरा करावा.' दहा मिनिटांचं बघू.

मी या सभागृहाच्या मागच्या गल्लीत गिटार विकतो आणि दुरुस्त करतो. मला सगळे पेचकस म्हणतात, कारण तो माझ्या वरच्या खिशात कायम असतो, जेवतानासुद्धा. आणि सत्कारमूर्तींना सगळे मुकादम म्हणतात. का, ते विद्यार्थ्यांना सांगतो. मंचावर ताई हव्या तिथे श्वास घेतात, काका जोरात आले की तालाच्या पुढे पळतात. काका, रागावू नका, पळता तुम्ही. पण मुकादमाचा उजवा हात तसूभर इकडचा तिकडे व्हायचा नाही. मग सगळे गुपचूप त्याच्या हाताखाली यायचे. पंचवीस वर्षं या माणसाने एकही शब्द न बोलता सहा जणांना कामाला लावलं.

त्याची पहिली गिटार माझ्याच दुकानातली. टेलिकास्टर. लाकडाची सपाट फळी, तिला जोडलेली मान, म्हणजे डाव्या हातात धरतो तो लांब भाग, आणि तारांखाली दोन पिकअप. पिकअप म्हणजे तारेची थरथर पकडून स्पीकरकडे पाठवणारं चुंबक. या गिटारीत लपायला जागा नाही. चुकलात तर चूक ठणठणीत ऐकू येते. ज्याला गाण्याच्या मागे उभं राहून ताल धरायचा आहे, त्याने ही घ्यावी. मुकादमाने अठरा वर्षं दुसरी हातात धरली नाही.

आता माझ्या दुकानाची एक पद्धत आहे, तिला लोक हसतात. माझ्याकडे माप दिल्याशिवाय गिटार मिळत नाही. गिऱ्हाइकाने डावा हात कोऱ्या कागदावर सहज ठेवायचा आणि मी पेन्सिलीने त्याच्या कडेने रेघ ओढायची. खाली तारीख, मानेची जाडी, तारा कोणत्या, किती उंचावर. कागद फायलीत. ताई एकदा म्हणाल्या होत्या, चपला विकतोस की काय? पण तळहात केवढा, बोटं कुठपर्यंत पोहोचतात, ते कळल्याशिवाय मान कशी निवडणार? मुकादमाचं पहिलं माप माझ्याकडे आहे. पाच बोटं, एकमेकांना धरून, शाळेच्या रांगेत उभी असल्यासारखी.

सहा वर्षांपूर्वी एका दुपारी तो दुकानात आला. म्हणाला, "पेचकस, करंगळी चुकतेय. मानेचं काहीतरी बिघडलंय बघ."

मी मान तपासली. काही बिघडलेलं नव्हतं. म्हणून दुसरं माप घेतलं. कागदावर करंगळी बाकीच्या बोटांपासून जराशी बाजूला उभी होती. मी म्हटलं, वय झालं, हात थकतो, ही मान तुला जाड पडते. आणि त्याला स्ट्रॅटोकास्टर दिली. विद्यार्थ्यांनो, हिला तीन पिकअप असतात, अंग पोटाला बसेल असं कोरलेलं असतं, आवाज काचेसारखा स्वच्छ. ज्याला एकाच गिटारीवर चार तऱ्हेची गाणी वाजवायची आहेत त्याला हिच्याइतकी सोयीची दुसरी नाही. मी त्याला तिच्यातली सगळ्यात बारीक मानेची निवडून दिली. सहा-सात महिने बरं चाललं.

मग तिसरं माप. आता शेजारचं बोटही पूर्ण उघडत नव्हतं. मी म्हटलं, मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा दोष आहे. म्हणून लेस पॉल. हिच्यावर तारेची लांबी थोडी कमी, त्यामुळे पट्ट्या जवळजवळ, तारा जरा मऊ लागतात. आवाज जाड, एकदा काढलेला सूर बराच वेळ टिकतो. गाण्याच्या मधोमध पुढे येऊन वाजवणाऱ्याची ही गिटार. मुकादम जन्मात कधी पुढे आला नव्हता. पण मी दिली म्हणून त्याने घेतली, आणि वर्षभर साडेचार किलो वजन खांद्यावर वागवलं.

चौथ्या मापाच्या वेळी त्याच्या उजव्या बाहीचं बटण उघडं होतं. थंडीचे दिवस होते. हे बटण डाव्या हाताने लावावं लागतं. मी रेघ ओढत असताना त्याच्या हाताच्या पाठीकडे पाहिलं. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली जागा खोल गेली होती. तुमची आमची तिथे भरलेली असते, आत्ता हात लावून बघा. त्याची नव्हती. तो म्हणाला, "मुंग्या येतात रे, सारख्या." आणि मी काय म्हणालो असेन?

मी म्हणालो, तारा जाड आहेत.

बारीक तारा घातल्या. शिवाय एक नवं मॉडेल काढून दिलं. सपाट, पातळ मान, चोवीस पट्ट्या, तारा मानेला जवळजवळ चिकटलेल्या. हे नुसतं बोट टेकवलं तरी वाजतं. मिनिटाला शेकडो सूर काढणाऱ्या मुलांसाठी ते बनवलेलं असतं. ते मी अशा माणसाला दिलं ज्याने आयुष्यात कधी घाई केली नाही.

पाचवी अर्धपोकळ. लाकूड आतून कोरलेलं, आवाज उबदार, कमी सुरांत भागतं. संथ गाण्यांना, तीन-तीन सुरांच्या बारक्या जोडण्यांना ही चांगली. अध्यक्ष महोदय, आपल्याला आठवत असेल, त्या वर्षीच्या वर्धापनदिनाला आपण याच जागी उभे राहून म्हणालात की मुकादमांच्या वादनात आता परिपक्वता आली आहे, ते मोजकंच वाजवतात. टाळ्या पडल्या. तो मोजकं वाजवत होता, कारण दोनच बोटं शिल्लक होती. टाळ्या चालू असताना त्याने पडद्याआड माझ्याकडे पाहिलं. मी त्याला मान डोलावून शाबासकी दिली.

नको, घंटा वाजवू नका. दोन मिनिटांत संपवतो.

सहावी एकदम नवीन. हिला मानेच्या टोकाचं खुंट्यांचं डोकंच नसतं, तारा खालून पिळतात, वजन जवळपास नाही, कशीही धरा. लांब प्रवास करणारे, पाठ दुखणारे लोक ती घेतात. गेल्या वर्षी या मंचावर ती त्याच्या गळ्यात होती आणि दुसऱ्या गाण्यात त्याचा डावा हात मानेवरून खाली आला. आपल्यापैकी कितीजणांच्या लक्षात आलं? कोणाच्याच नाही. कारण त्याने उजव्या हाताच्या कडेने तारा दाबून धरल्या आणि नुसता खटखट ताल धरला. गाणं संपेपर्यंत. काका त्या दिवशी पळाले नाहीत.

नंतर वहिनी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. कोपरापाशी नस दबली होती. डॉक्टर म्हणाले, पहिल्या वर्षा-दोन वर्षांत आला असता तर लहानशी शस्त्रक्रिया होती, हात वाचला असता. आता स्नायू गेले, ते परत येत नाहीत. वहिनींनी दुकानात येऊन मला हे सांगितलं आणि विचारलं, "भावजी, तुम्ही तर त्यांचा हात इतक्यांदा बघितलात. तुमच्या कधीच लक्षात आलं नाही?"

मी म्हणालो, नाही.

वहिनी, ते खोटं होतं. चौथ्या मापाला माझ्या लक्षात आलं होतं. काय झालंय ते कळलं नव्हतं, पण गिटारीचं काही झालेलं नाही, एवढं नक्की कळलं होतं. आणि मी मूग गिळून बसलो. विक्रीसाठी केलं असतं तर लोभी म्हणवून घेऊन मोकळा झालो असतो. तसंही नव्हतं. मला फक्त गिटार दुरुस्त करता येते. दोष गिटारीत नसेल, तर या माणसासाठी माझ्या हातात करण्यासारखं काहीच उरत नव्हतं. ते मला सहन होईना. म्हणून मी दोष गिटारीतच ठेवला, आणि एकेक मॉडेल बदलत त्याची सगळी वर्षं घालवली.

तुम्हाला वाटेल, डॉक्टरांनी सांगितल्यावर तरी हे थांबलं असेल. गेल्या गुरुवारी मुकादम दुकानात आला. मी काही बोलायच्या आत त्याने आपणहून डावा हात काउंटरवर ठेवला. बोटं सरळ राहीनात, म्हणून दुसऱ्या हाताने दाबून धरली. म्हणाला, "घे माप. एवढी नवीन नवीन मॉडेलं निघतात. एखादं असेल."

मी कागद काढला. पेन्सिल घेतली. रेघ ओढली. तारीख घातली. मानेची जाडी लिहायची जागा कोरी ठेवली आणि म्हणालो, "बघून सांगतो."

समितीने आजची भेटवस्तू निवडायचं काम माझ्यावर सोपवलं होतं. टेबलावर मानपत्र आहे, फुलं आहेत, गिटारीची पेटी नाही, हे काहींनी पाहिलं असेल. सातही कागद माझ्या खिशात आहेत. काल दुकानाच्या खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून पाहिले. पहिला हात बाकीच्या सहांवर बसत नाही.

मुकादम, वर बघ. तू वाट बघतोयस, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो, नाहीतर मी पुन्हा वेळ मारून नेईन. मी बघितलं. तुझ्या मापाची गिटार नाही. जुन्यांत नाही आणि नव्यांतही नाही. मानेचं कधीच काही बिघडलं नव्हतं.

विद्यार्थ्यांनो, विषय तुमच्यासाठी होता, तर एवढं घेऊन जा. बोट चुकायला लागलं तर आधी डॉक्टरांकडे जा आणि मग माझ्याकडे या. मी काहीही सांगितलं तरी.

चिटणीस, शेवट हसरा झाला नाही. अध्यक्ष महोदयांनी घंटेवरचा हात आवरला, समितीने मला बोलायला उभं केलं आणि आपण सर्वांनी चहा लांबला तरी ऐकून घेतलं, याबद्दल मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते सभागृहाने पोटात घालावं, अशी विनंती करतो. ही विनंती सभागृहाला आहे. वहिनी, मुकादम, तुम्हाला नाही.