हिमयुगाला ऊन लागलं

चूक सरांचीच. वैनगंगेच्या दरडीतली हिमयुगातली रेती मी काळ्या कापडाआडून लोखंडी नळीत भरली होती. तिला उजेड लागला की तिचं वय पुसलं जातं, मग ते मोजता येत नाही, हे सरांनीच शिकवलेलं. माझा एम.एस्सी.चा प्रबंध त्या एका नळीवर होता.

ब्रह्मपुरीच्या स्टँडवर सरांचे व्याही भेटले. "नळीत काय हाय जी?"

"हिमयुग!" म्हणत सरांनी भर दुपारी नळी पेपरवर ओतली.

मी ओरडलो, "सर, ऊन लागून राह्यलं!"

"गप. मोठ्यांत बोलू नये."

व्याह्यांनी चिमूटभर चोळून पाहिली. "रेतीच तं हाय. यात काय उजेड पाडला जी तुम्ही?"

भरपूर पाडला होता. पुन्हा रेती आणायला गेलो, तर पुरानं दरडच नेली होती. माझी एम.एस्सी. सुटली.