अर्ध्यावर थांबलेलं गाणं

पुलगावच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गुंजन आपल्या फोनची वाट पाहत बसली होती. तिच्या शेजारी बसलेल्या रामबाईनं ओढणीत गुंडाळलेला लॅपटॉप दुकानदार नीलेशपुढं ठेवला.

“काकू, बॅटरी फुगली याची. काढाच लागते.”

“काढली तं हे बंद पडन?”

“पडन ना. तुमी कधी बंदच करत नोहत्या का?”

“माही दामिनी गेली तवापासून नाई. कालेजात जाताना पोरीनं नुसतं झाकण लावलं. गाणं अर्ध्यावर थांबलं. संध्याकाळी तिले लोकांनी घरी आणलं.”

“झाकण लावलं का आतलं सारं जागच्या जागी थिजते, काकू. मरत नाई. उघडलं का तिथूनच पुढं चालते.”

“म्हणून तं उघडलं नाई, बाबू. ते बारीक लाइट लुकलुकते ना, दिव्यावानी. लाइन गेली का मी शेजारच्या इन्व्हर्टरवर लावतो.”

“पण आता पेटन एखाद्या वेळी. घरात ठेवू नका.”

“मंग अशीच काढशीन?”

“अशीच काढली तं थिजलेलं सारं जाते.”

नीलेशनं स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला.

“थांब, बाबू. दिवा का आपण फुंकून इझवतो? तेल सरू देतो. झाकण उघड.”

त्यानं उघडलं. गाणं अर्ध्या ओळीतून पुढं निघालं.

“आवाज कमी करू, काकू?”

“नोको.”

नीलेशनं गुंजनचा फोन तिच्यापुढं धरला. तिनं हातानंच त्याला थांबवलं.

गाणं सरलं.

“आता काढजो.”