वाटणीतली डिस्क

वडगावातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मी प्रिंटर मांडीवर घेऊन बसलो होतो. माझ्या आधीच्या गिऱ्हाइकाने कॉम्प्युटरचा डबा दुकानवाल्या रक्षापुढे ठेवला.

"रक्षा, हे आत्ताच्या आत्ता सुरू करून दे. साड्यांची सगळी डिझाइनं ह्यात हायत. चार दिवस झालं माग बंद हाय."

"कुणी उघडलावता काय ह्याला, सिद्रामअण्णा?"

"वाटणी झाली न्हवं. डबा मला आला. आत दोन डिस्क हुत्या, त्यातली एक धाकट्या भावानं, अमृतनं काढून नेली."

"एकीवर विंडोज, दुसरीवर लिनक्स?"

"व्हय. चालू केलं की कुठलं पायजे म्हणून इचारायचं."

"ते इचारणारं अर्धं तुमच्या डिस्कवर हाय, अर्धं त्यांच्या. म्हणून अडकलंय."

"म्हंजे त्यानंच बंद पाडलं. माझं बरं चाललेलं अमृतला कधी बघवलंय? आता त्याचा माग खडखडत असंल, माझीच डिझाइनं काढत."

"कुठलं अण्णा. त्यांची डिस्क सकाळधरनं इथंच पडून हाय. तीबी सुरू होईना."

"काय म्हणतीस?"

"दोन्ही नीट होतील. तुमची आधी करते, तासाभरात घेऊन जावा."

"माझी झाली की त्याचीबी हुणार?"

"हुणारच की. काम एकच हाय."

"मग ऱ्हाऊ दे. सावकाश कर, गडबड न्हाय."

"आणि माग?"

"मागाचं काय. त्याचाबी बंदच हाय न्हवं."