शेजारचा ब्रेक

ज्या काकांच्या पोटाला शिकाऊ डॉक्टरीण उद्या यंत्रावर बसून, रोबोटच्या हातांनी, पहिल्यांदाच टाके घालणार होती, ते आणि काकू लिफ्टच्या रांगेत तिच्या पुढेच उभे होते. मास्कमुळे त्यांनी तिला ओळखलं नाही.

"मी सही करणार नाही. शिकायला त्या पोरीला तुमचंच पोट सापडलं?"

"अगं, मोठे डॉक्टर शेजारच्याच यंत्रावर असणार. चुकतेय वाटलं की लगेच ताबा घेतील."

"वाटेपर्यंत?"

"मी जन्मभर लोकांना गाडी शिकवली. माझ्याही पायाशी ब्रेक होताच की."

"माझ्या वेळी तर उठसूट दाबायचात!"

"पण शिकलीस ना?"

"शिकले."

"मग?"

"करते सही. पण तिला सांगा, घाई करू नकोस म्हणावं."

"तूच सांग बाई. मी झोपलेला असेन."