तिनं नागपूर मागितलं होतं

जमलेल्या बाया-बाप्यांनो, सोयऱ्यांनो, बसा. जरा सावलीत सरकून बसा. मी बोलायला उभा तर राहिलो, पण मान वर होऊन नाही राहिली. या गावात सोयरिकी जुळवायच्या असोत की भांडणं मिटवायची, बोलायला मीच पुढं. आज माझ्या गेलेल्या सुनेसाठी बोलायचं आहे.

पौर्णिमा आमच्या घरी आली त्याला अजून वर्ष झालं नाही.

या आठवड्यात तुमच्यातल्या पुष्कळांनी मला बाजूला घेऊन एकच गोष्ट सांगितली. ‘भाऊ, तिच्या मायबापानं फसवलं तुम्हाले. पोरीच्या डोक्यात नळी होती, अन् लपवून ठेवली.’ मी हो म्हणालो. पहिल्या दिवशी तर मी स्वतःच हे बोललो, दवाखान्याच्या आवारात, तिची माय ऐकत असताना. त्याची लाज वाटते. त्याहून जास्त लाज पुढच्या गोष्टीची वाटते, म्हणून ती सगळ्यांसमोर सांगतो.

पोरगी तान्ही असताना तिच्या डोक्यात पाणी साचत होतं. नागपूरला ऑपरेशन झालं. कातडीखालून एक बारीक नळी टाकली, शंट म्हणतात तिला, डोक्यातून कानामागून खाली पोटापर्यंत. साचलेलं पाणी पोटात उतरायचं. त्या नळीवर पोरगी वाढली, कॉलेज शिकली, तिरोड्याला स्कूटीनं जायची. फक्त एक भीती. नळी कधीही चोंदू शकते. मग डोकं दुखतं, उलट्या होतात, सारखी झोप येते. तेव्हा थांबायचं नसतं. तिच्या माहेरी हे सगळ्यांना पाठ होतं. आमच्या घरी कोणालाच माहीत नव्हतं.

काऊन नव्हतं? का लपवलं त्यांनी?

माझ्या पोरासाठी, नितेशसाठी, आम्ही मुलगी पाहायला गेलो होतो. पोहे झाले, चहा झाला. पौर्णिमा समोर बसलेली. मी पायावर पाय टाकून एक किस्सा सांगितला. आधीच्या एका ठिकाणी मुलगी चांगली होती, पण तिच्या मावशीच्या हातावर पांढरा डाग दिसला, अन् मी चहा न घेता उठलो. ‘आमच्या घरी खोट चालत नाही,’ असं म्हणालो. सोबतचे सगळे हसले. तुमच्यातलेही काही होते. मग मी विचारलं, ‘पोरीला काही दुखणं-बिखणं?’ तिची माय पोरीकडे पाहून म्हणाली, ‘काहीच नाही, भाऊजी.’

सांगा बाप्पा, त्या माउलीनं दुसरं काय म्हणायचं होतं?

मग धानाची रोवणी आली. सून आमच्यासोबत चिखलात, बांधीत उतरली. एक दिवस डोकं धरून बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसली. बाया म्हणाल्या, ‘नवीन सून, काम जिवावर आलं.’ दुसऱ्या दिवशी उलटी झाली, तर माझ्या बायकोनं कुडव्याला फोन करून तिच्या बहिणीला गोड बातमी देऊन टाकली. तपासणी नाही, काही नाही. मीही मिशीत हसलो. नितेशनं गावातल्या डॉक्टरकडून पित्ताच्या गोळ्या आणल्या.

संध्याकाळी ती माझ्याजवळ आली. डोक्यावर पदर, भिंतीला हात टेकवलेला. म्हणाली, ‘बाबा, मले नागपूरले घेऊन चला ना.’

मी म्हणालो, ‘पित्तासाठी नागपूर कायले, बेटा? रोवणी होऊ दे.’

ती काहीतरी बोलणार होती. मग ‘बरं’ म्हणाली अन् आत गेली. मी तिला विचारलं नाही की काऊन म्हणून राहिली तू असं. एवढं जरी विचारलं असतं.

सकाळी ती उठेना. गोंदियाला नेलं. डॉक्टरांनी कानामागं हात फिरवला अन् विचारलं, ‘शंट कब डाला था?’ मी छाती पुढं काढून सांगितलं, ‘साहेब, आमच्या सुनेला काहीच दुखणं नाही.’ त्यांनी माझं बोट धरून तिच्या कानामागं ठेवलं. कातडीखाली लागली नळी. तिथून नागपूरला निघालो. तिनं मागितलं होतं ते नागपूर. ती पोचली नाही.

गोंदियाचे डॉक्टर नंतर म्हणाले, नळी चोंदणं नवीन नाही, बदलता येते, फक्त वेळेत यायला पाहिजे. वेळ होती. पण माझ्या घरात तिला खरं बोलायची सोय नव्हती. जीव जात असताना पोरगी खोट लपवून राहिली, माझ्या भीतीनं. स्वतःला तिचा सासरा म्हणवायची लाज वाटते.

यापुढं मला कोणी मुलगी पाहायला नेऊ नका. अन् तुम्ही जाल तर, पोरीला काय दुखणं आहे हे विचारताना तिच्या दुखण्यात आपण काय करायचं हेही विचारा. मग ती सांगेल.

व्याहीबुवा, विहीणबाई, तुम्ही दाराशी काऊन बसले? पुढं या. रस्ता द्या रे त्यांना. लग्नात तुम्ही दोघं माझ्यासमोर वाकले होते, अन् मी ताठ उभा होतो. मुलाचा बाप मुलीच्या बापासमोर वाकत नाही, ही आपली रीत मला ठाऊक आहे.

आता सगळे उभे राहा. पौर्णिमासाठी थोडा वेळ कोणी काही बोलू नका. तेवढ्यात मला यांच्या पाया पडू द्या. अन् व्याहीबुवा, मला लवकर उठवू नका.