वानरटोकावरचा दुसरा चांद्या

ऐका. बिड्या विझवा आणि गप बसून ऐका. ही गोष्ट दोनदा सांगायची नाही.

साल एकोणीसशे त्रेपन्न. मार्गशीर्ष महिना, वद्य त्रयोदशी. अवस दोन दिवसांवर. रानात गवत कमरेएवढं आणि दव असं, की झाडाखालून गेलं तर डोकं भिजावं.

वरच्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या पठारावर, तेव्हा धनगरांची दोनच घरं. एक धुळा येडग्याचं, दुसरं म्हाताऱ्या कोंडीतात्याचं. धुळाकडं अकरा म्हशी आणि एक कुत्रा. चांद्या. अंगानं काळा कुळकुळीत, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. धुळानं त्याला पिल्लू असल्यापासून एक शिस्त लावलेली. सगळ्या म्हशी दावणीला लागल्याशिवाय भाकरीला तोंड लावायचं नाही. लावलं की काठी. चार काठ्या खाल्ल्या आणि कुत्रं शिकलं. एक म्हैस जरी रानात असली तरी त्याच्यापुढं मटण टाका, बघायचं नाही. धुळाला याचा केवढा गर्व! आल्यागेल्याला करून दाखवायचा.

त्या दिवशी दिवेलागणीला म्हशी आल्या दहा. एक गाभण म्हैस मागं राहिली. चांद्याही आला नाही.

धुळानं कंदील घेतला, काठी घेतली, कमरेला कोयता लावला. बायको दारात आडवी. ठकू तिचं नाव.

"अवं, म्हशीसाठी निघालाय का कुत्र्यासाठी?"

"दोघांसाठी."

"मी हरवले तर याल का असं कंदील घेऊन?"

"तू कुठं हरवतीस? तुझा आवाज खालच्या गावापर्यंत जातोय."

ठकूनं नाक मुरडलं, पण फडक्यात भाकरी बांधून दिली. कोंडीतात्या ओट्यावर खोकत बसला होता. तो म्हणाला, "लेका, सकाळी जा. रात्री वानरटोकाच्या वाटेला चकवा हाय."

"म्हैस व्यायला झालीय तात्या. सकाळपर्यंत बिबट्या तिची वाट बघंल का?"

"मग एवढं ध्यानात ठेव. कोण भेटलं तर भाकरी टाक. जिवंत जीव खातो. भूत अन्नाला शिवत न्हाई."

धुळानं मान हलवली आणि निघाला.

कोसभर चालला. अंधार असा की कंदिलाच्या उजेडाबाहेर हात घातला तर हात दिसेना. तेवढ्यात गवत हललं. पुढं कोण? चांद्या! शेपूट हलवत उभा. धुळाचा जीव भांड्यात पडला. "कुठं मेला होतास रे? म्हैस कुठाय?" कुत्रं वळलं आणि पुढं चालू लागलं. मागं वळून बघायचं, शेपूट हलवायचं, परत चालायचं. धुळा त्याच्या मागं.

एक जांभळीचं झाड लागलं. घटकाभर चालला. परत जांभळ. तेच झाड, तीच तुटकी फांदी. आणखी चालला. परत तेच! धुळा थबकला. पण पुढं आपलं कुत्रं आहे ना? कुत्रं वाट चुकत नाही. धुळाचं धोतर दवानं गुडघ्यापर्यंत भिजून जड झालं होतं. आणि पुढचं कुत्रं? कोरडं. ठणठणीत कोरडं. कंदिलाच्या उजेडात दिसत होतं ते. पण माणूस हरवलेलं सापडल्याच्या आनंदात असला, की डोळे असून आंधळा.

मग मागून काहीतरी धापा टाकत आलं. धुळा गर्रकन वळला.

दुसरा चांद्या.

कपाळावर तोच ठिपका. पण तोंड रक्तानं माखलेलं, अंगाला चिखल, एक कान फाटून लोंबतोय. पुढच्या कुत्र्याला बघितलं आणि जे भुंकलं! दात बाहेर, मानेवरचे केस उभे. पुढचं कुत्रं मात्र शांत. शेपूट हलवतंय.

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? बोला की! मागं कोण हसतंय? हसायची गोष्ट नाही ही.

धुळाला तात्याचे शब्द आठवले. कंदील खाली ठेवून भाकरीचे दोन तुकडे केले. एक इकडं टाकला, एक तिकडं. कोरड्या कुत्र्यानं मान खाली घातली आणि चपाचपा खाल्लं. तसा आवाजच आला. रक्ताळलेल्यानं तुकड्याकडं बघितलं नाही. धुळाच्या धोतराचा सोगा धरून मागं ओढायला लागलं.

"थांब, भुता!" म्हणून धुळानं काठी उचलली आणि कमरेत हाणली. दोन्ही हातांनी. कडकन आवाज झाला. कुत्रं केकाटलं नाही. नुसतं खाली बसलं.

कंदील उचलून धुळा पुढच्याच्या मागं चालू लागला.

आता वाट बरी लागली. सपाट. पुढून म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजली. मग रेडकू ओरडलं. धुळा पळायला लागला. मग ठकूचा आवाज आला, "या लवकर! हितं हाय!" ठकू? इतक्या रात्री? इथं? पण पाय थांबेनात. कुत्रं पुढं चार हातांच्या अंतरावर उभं राहिलं, धुळाकडं तोंड करून. शेपूट हलवतंय. ये, ये.

धुळानं पाय उचलला, आणि पोटरीत दात रुतले.

तेच रक्ताळलेलं कुत्रं. मागचे दोन्ही पाय फरफटत आलेलं. धुळानं कोयता काढला, डोक्यावर उगारला. हाताला हिसका बसला तसा कंदील हेलकावला आणि उजेड खाली गेला.

खाली जमीन नव्हती. धुळाच्या अंगठ्यापुढं कडा तुटला होता. वानरटोक! आणि समोरचं कुत्रं कड्याच्या पुढं चार हात, नुसत्या हवेत उभं. त्याचे चारही पंजे कशावरच टेकलेले नव्हते. शेपूट हलत होती.

धुळा मागं पडला. कोयता खाली दरीत गेला. त्याचा आवाज यायला किती वेळ लागला म्हणता? आलाच नाही.

आणि तेव्हा त्याला उमगलं. म्हैस रानात आहे. चांद्या भाकरी खाईल कसा? त्यानंच तर शिकवलं होतं, काठीनं.

चांद्याला पोटाशी धरून तो तिथंच बसला. ते भूत काही सोडून जाईना. कधी डावीकडून ठकूचा आवाज काढायचं, कधी उजवीकडून तात्याचा. एकदा तर धुळाच्याच आवाजात म्हणालं, "सोड त्याला. मेलंय ते." तसा चांद्या घशातून गुरगुरायचा. प्रत्येक वेळी. कंबर मोडलेली, तरी गुरगुरायचा. शुक्राची चांदणी वर आली, तेव्हा कुठं सगळं गप झालं.

फटफटल्यावर धुळानं कुत्रं खांद्यावर घेतलं. वाटेत भाकरीचे तुकडे दिसले. चांद्यानं सोडलेला एक. आणि दुसरा? तोही तसाच पडला होता, अख्खा. चांद्या जिकडं मान वळवील तिकडं धुळा गेला. एका घळीत म्हैस उभी, पायाशी ओलं रेडकू. भोवतीनं बिबट्याच्या पंजाच्या खुणा आणि काळ्या केसांचे झुपके. ते रक्त कसलं होतं, ते आता कळलं.

म्हैस दावणीला लागली. ठकूनं धारोष्ण दूध आणलं. चांद्यानं सगळी दावण एकदा बघून घेतली. अकरा. मग मान टाकली.

त्या वाटेला आज डांबर झालंय, खांबावर दिवे लागलेत. लागू द्यात. रात्री वानरटोकाच्या वाटेनं जायचं नाही. आणि आपलं जनावर पुढं चालताना दिसलं, तर आधी त्याचे पाय बघायचे. भिजलेत का नाहीत, ते बघायचं.

धुळानं अंगावरची घोंगडी चांद्याला गुंडाळली आणि घराच्या मागं खड्डा काढला. दहा दिवस गावात गेला नाही. कोंडीतात्या म्हणाला, "लेका, कुत्र्याचं सुतक धरतोस? लोक हसतील."

"हसू द्या."

"बापाचं धरतात रं सुतक."

"बापानं एकदाच जन्म दिला, तात्या."

दहाव्या दिवशी धुळा ओढ्यावर जाऊन बसला. डोक्याचे केस उतरवले. मिशी उतरवली.

देणं फिटलं.